नाकाचे माप आणि माणसाचे माप

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या कॉलेजात एक वैद्यकीय पथक आले होते. निरोगी तरुण मुलामुलींचे चेहरे आणि त्यांची चाल मोजायची, त्यावरून सरासरी काढायची आणि पुढे जबड्याच्या व गुडघ्याच्या रुग्णांवर उपचार करताना ती वापरायची, असे त्यांचे काम होते. काम चांगलेच होते. मुलामुलींना रांगेत बसवून नाकाची उंची-रुंदी, हनुवटी, दोन डोळ्यांमधले अंतर मोजले गेले. मग गुडघ्याला आणि घोट्याला चकाकणारे ठिपके चिकटवून त्यांना कॅमेऱ्यासमोरून चालायला लावले. दुसऱ्या दिवशी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर जातीचा रकाना होता. मी भरला. मोजणाऱ्या सरांनी आधी तो रकाना वाचला, मग माझ्या नाकाकडे पाहिले आणि मग माप घेतले. रकाना कशासाठी हे विचारावेसे वाटले, पण धीर झाला नाही."

मी इतिहास शिकवते. तिला त्या वेळी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. हा लेख म्हणजे ते उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न आहे.

नाक आणि जात यांची सांगड आपल्या समाजात विज्ञानाच्या नावाने फार उशिरा घातली गेली. व्यवहारात ती आधीपासून आहेच. चाफेकळी नाक कोणाचे आणि नकटी कोण, हे आपल्याकडे सोयरीक जुळवताना बोलले जाते आणि त्यात जातीचा वास असतो. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये एक सहकारी मला कौतुकाने म्हणाले होते, "तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हो." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या शिक्षणाविषयी ते बोलत असतील असे मला आधी वाटले. नंतर कळले की ते माझ्या चेहऱ्याविषयी बोलत होते. त्यांच्या मनात एक माप तयार होते आणि मी त्या मापात बसत नव्हते, इतकेच. हे माप आले कुठून, याचा शोध घेतला पाहिजे.

शोधाची सुरुवात मी पुण्यापासून करते. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता, असे त्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

शस्त्रक्रियेची रीत अशी होती. मेणाची पातळ चकती घेऊन ती उरलेल्या नाकाच्या जागी बसवायची आणि तिला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक पट्टा जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त वाहते राहते. मग ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने हीच रीत १८१४ मध्ये वापरली, १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि तिथून ती युरोपभर गेली. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात या पत्राचा उल्लेख असतोच.

त्या मेणाच्या चकतीकडे नीट पाहिले पाहिजे. चेहऱ्याचे वैद्यकीय मोजमाप म्हणजे नेमके हेच. या माणसाच्या तोंडावर किती कातडी लागेल, कोणत्या आकाराची लागेल, हे त्या कारागिराने त्या एका माणसाच्या चेहऱ्यावरूनच ठरवले. नाक कसे असावे याचे कोणतेही कोष्टक त्याच्याजवळ नव्हते. समोरच्या माणसाला श्वास घेता यावा आणि चारचौघांत तोंड दाखवता यावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. रुग्णाचे नाव इतिहासाने ठेवले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे ठेवली. ज्याच्या हाताने हे काम केले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. त्याची फक्त जात लिहिली. आपल्या इतिहासात हे नवे नाही.

आणि हे पुणे कोणते? हे पेशव्यांचे पुणे. अस्पृश्याने आपली पावले पुसत जाण्यासाठी कमरेला झाडू बांधावा आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे, ही तिथली रीत बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात नोंदवली आहे. केरळात तर कोणत्या जातीच्या माणसाने नंबुद्री ब्राह्मणापासून किती पावलांवर थांबायचे, याची मापे ठरलेली होती. म्हणजे शरीराच्या हालचालीचे मोजमाप हे काही युरोपातून आलेले नवे शास्त्र नव्हे. कोणी किती वाकावे, किती लांबून जावे, सावली कुठे पडू द्यावी, हे जातिव्यवस्थेने शेकडो वर्षे मोजले. फरक इतकाच की ते माप माणसाला बरे करण्यासाठी नव्हते, त्याला जागेवर ठेवण्यासाठी होते.

त्या मेणाच्या चकतीनंतर शंभर वर्षांच्या आत नाक पुन्हा मोजले गेले. या वेळी मोजणारा होता बंगालमधला एक आय.सी.एस. अधिकारी, हर्बर्ट रिस्ले. १८८५ मध्ये त्याच्याकडे बंगालच्या जाती-जमातींच्या पाहणीचे काम आले. पॅरिसच्या पॉल तोपिनार याने आखलेली मोजणीची पद्धत त्याने उचलली. कवटी आणि चेहरा मोजण्याचे हे शास्त्र मुळात डॉक्टरांच्याच हातून वाढलेले होते. १८५९ मध्ये पॅरिसला मानवशास्त्राची संस्था काढणारा पॉल ब्रोका हा स्वतः शल्यचिकित्सक होता. इथेही मोजमापे घेण्याच्या कामी सरकारी दवाखान्यातले हॉस्पिटल असिस्टंट लावण्यात आले. उत्तर हिंदुस्थानातल्या ८९ जाती-जमातींच्या जवळजवळ ६ हजार माणसांची मापे घेऊन रिस्लेने ती १८९१ मध्ये छापली. भागाकार केला तर एका जातीच्या वाट्याला सरासरी सत्तरही माणसे येत नाहीत.

रिस्लेचा सगळा भर नाकाच्या निर्देशांकावर होता. हिशेब सोपा आहे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. उत्तर ७० च्या खाली आले तर नाक सरळ, ७० ते ८५ असेल तर मध्यम, ८५ च्या वर गेले तर बसके. समजा, नाकाची उंची ५० मिलिमीटर आहे. रुंदी ३५ मिलिमीटर भरली तर निर्देशांक ७०. साडेबेचाळीस भरली तर ८५. म्हणजे 'आर्य' नाक आणि 'अनार्य' नाक यांच्यात साडेसात मिलिमीटरांचे अंतर. कॅलिपर थोडा दाबून धरला किंवा नाकाचे मूळ एखादा मिलिमीटर वर-खाली पकडले, तरी आकडा हलतो. अशा आकड्यांच्या जोरावर रिस्लेने नियम मांडला की जातीच्या नाकाची सरासरी रुंदी जितकी कमी, तितकी तिची सामाजिक पायरी वरची. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला आणि जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचे काम त्याने सरकारी कारभारात आणले. आपली पायरी वर सरकवून घेण्यासाठी जातीजातींच्या सभांचे अर्ज सरकारकडे येऊ लागले. जातीला धर्माचा आधार होताच; आता विज्ञानाचाही मिळाला.

या विज्ञानाला वेदाचा टेकू कसा दिला गेला, तेही पाहण्यासारखे आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात दस्यूंना 'अनास' असे विशेषण एकदा आले आहे. मॅक्स म्युलरने हा शब्द 'अ' आणि 'नास' असा फोडला आणि बिननाकाचे, म्हणजे चपट्या नाकाचे, असा अर्थ लावला. सायणाचार्यांनी तो 'अन्' आणि 'आस' असा फोडला होता. म्हणजे ज्यांना तोंड नाही, ज्यांची वाणी चांगली नाही असे. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात या दोन्ही अर्थांची तपासणी केली आणि सायणाचा अर्थ बरोबर ठरवला. दस्यूंना नाक नव्हते असे दुसरीकडे कुठेही म्हटलेले नाही, हे त्यांनी दाखवून दिले. एका शब्दाची एक संधी चुकीची सोडवली आणि कोट्यवधी माणसांच्या चेहऱ्यावर एक वंश चिकटवला गेला.

बाबासाहेबांची या प्रश्नावरची भूमिका एकाएकी तयार झालेली नाही. ते १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथेच फ्रान्झ बोआस शिकवत होता. बोआसने न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८ हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मोजमापे घेतली होती. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो, असा निष्कर्ष त्याने १९११ मध्ये मांडला. जे माप वंशाची कायमची खूण म्हणून मिरवले जात होते, ते खाण्यापिण्याने आणि राहणीने एका पिढीत हलते, असा त्याचा अर्थ होता. बोआसचाच शिष्य गोल्डनवायझर याच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील जातींवरचा आपला निबंध वाचला आणि जातीचे मूळ वंशात न शोधता विवाहाच्या बंधनात शोधले. १९३६ मध्ये त्यांनी विचारले की पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचे कोणते नाते आहे? पंजाबचा ब्राह्मण पंजाबच्या चांभाराच्याच वंशाचा आहे आणि मद्रासचा ब्राह्मण मद्रासच्या परियाच्याच, असे त्यांनी ठासून सांगितले.

१९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात तर ते थेट मोजमापांच्या कोष्टकांतच उतरले. मुंबईच्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात जुन्या मापांची फेरमांडणी केली होती. मुंबई इलाख्यापुरते त्यांना दिसले ते असे: देशस्थ ब्राह्मण शरीराने चित्पावन ब्राह्मणापेक्षा सोनकोळ्याला अधिक जवळचा आहे, त्यानंतर कुणब्याबरोबर महार येतो, शेणवी, नागर ब्राह्मण आणि उच्चकुलीन मराठा त्याच्याही मागून. म्हणजे सामाजिक पायरी आणि शरीराचे माप यांचा इथे काही मेळ नाही. बाबासाहेबांनी हा पुरावा घेतला आणि त्याचा शेवट गाठला. मानवमितीवर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, ते इतिहासात शोधावे लागेल.

या युक्तिवादातली एक गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. बाबासाहेबांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. ज्या मापांनी आपल्याला हीन ठरवले तीच मापे त्यांनी हातात घेतली, वाचली आणि ती खरोखर काय बोलतात ते सांगितले. हे धैर्य तर आहेच, पण त्यामागे अभ्यास आहे.

इथे आपल्याच माणसांशी थोडे कडू बोलले पाहिजे. आजही आपल्या काही व्यासपीठांवरून 'त्यांचे रक्त वेगळे, आपले रक्त वेगळे' असे सांगितले जाते. नाकाची जागा आता डीएनएने घेतली आहे, एवढेच. अपमानाच्या पोटी हा अभिमान येतो हे मला कळते. पण ही मांडणी रिस्लेची आहे. उतरंड उलटी केली म्हणून ती बाबासाहेबांची होत नाही. जात ही वंशाची भिंत नाही, एकाच लोकांमध्ये घातलेली सामाजिक भिंत आहे, हे म्हणणे सोडले तर ती पाडता येते हे म्हणणेही आपल्याला सोडावे लागेल.

नाक रुंद का असते, याचे उत्तर दुसरीकडूनही आले आहे. नाकाची ठेवण आणि तापमान व हवेतला दमटपणा यांचा संबंध असतो, हे थॉमसन आणि बक्स्टन यांनी १९२३ मध्ये दाखवले. कोरड्या थंड हवेत अरुंद नाक आत जाणारी हवा अधिक चांगली तापवते आणि ओली करते. नाकपुड्यांच्या रुंदीचा हवामानाशी असलेला हा मेळ २०१७ मध्ये छापलेल्या त्रिमितीय चेहरामापनाच्या अभ्यासातही दिसला. ज्यावर रिस्लेने प्रतिष्ठेची उतरंड रचली ते निसर्गाच्या दृष्टीने श्वास घेण्याचे साधन होते.

महाराष्ट्रातही या मोजणीचा एक धागा आहे. इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर या डॉक्टर-मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमतोलावर संशोधन केले. युरोपीय वंश बुद्धीने वरचढ आणि ते कवटीत दिसते, असे फिशरला वाटे. इरावतीबाईंच्या मोजणीत असमतोलाचा आणि वंशाचा संबंध दिसला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. गुरूच्या विरोधात निष्कर्ष लिहिणे सोपे नव्हते. हाच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या कामात होता आणि १९३७ मध्ये ऱ्हाइनलंडमधल्या मिश्रवर्णी मुलांना सक्तीने वंध्य करण्यात आले, तेव्हा त्या मुलांना तपासून ठरवणारे मानवशास्त्रज्ञच होते. इरावतीबाई परतल्यावर इथेही जातवार मोजमापे चालू राहिली, वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या मोजमापांवर लिहिलेले पुस्तक १९५१ मध्ये निघाले. रिस्लेची उतरंड नाकारूनही माणसाला मोजायचे तर जातीच्या खणात घालूनच, ही सवय मात्र गेली नाही.

आता चालण्याकडे वळू. त्या मुलीच्या गुडघ्याला चिकटवलेल्या ठिपक्यांचाही इतिहास आहे. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये पॅरिसजवळ हालचाल मोजण्याचे केंद्र उभारले. माणसाला काळा पोशाख घालून त्याच्या हातापायांवर पांढऱ्या रेषा आणि सांध्यांवर ठिपके काढायचे आणि त्याच्या चालण्याची भराभर छायाचित्रे घ्यायची, ही त्याची पद्धत. आजच्या चालमापन प्रयोगशाळा त्याच वाटेने आल्या आहेत. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या पायाचा कोणता स्नायू सैल करायचा, हे त्यामुळे शस्त्रक्रियेआधी ठरवता येते. पण याच पद्धतीने १८९५ मध्ये फेलिक्स-लुई रेन्यो या डॉक्टरने पॅरिसच्या प्रदर्शनात आणून ठेवलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांची छायाचित्रे घेतली. ती माणसे तिथे बघ्यांसाठी मांडलेली होती. त्यांचे चालणे, उकिडवे बसणे, एका बाईचे मडके घडवणे त्याने टिपले. या हालचाली त्याच्या लेखी वंशाच्या खुणा होत्या, मागासलेल्या माणसाच्या. गंमत अशी की गुडघे किंचित वाकवून चालण्याची रीत कमी थकवणारी आहे असे वाटून फ्रेंच सैनिकांना ती शिकवावी, असा आग्रहही त्यानेच धरला. चाल कामाची, पण चालणारा हीन.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातले आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी पाय गेलेल्या रुग्णांना परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय देत. रुग्ण तो घेऊन जात आणि वापरणे सोडून देत. कारण तो पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनलेला होता. त्याने उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती, चिखलात अनवाणी उतरता येत नव्हते. रामचंद्र शर्मा हे फारसे न शिकलेले कारागीर तिथे होते. त्या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबराचा असा पाय घडवला की जो घोट्यात सगळीकडे वळतो. 'जयपूर फूट' म्हणून तो जगभर गेला. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यात शोध कशाचा लागला? शेतात खुरपणी करणाऱ्या बाईचा घोटा किती अंशांत वाकतो, हे विचारण्यासारखे आहे, याचा. रेन्योने उकिडवे बसणे हे मागासपणाचे चिन्ह मानले होते. जयपूरला ती माणसाची गरज मानली गेली. पुण्याच्या त्या विटा करणाऱ्याचे मेण आणि जयपूरच्या कारागिराचे रबर एकाच जातीचे आहे. 'जात' हा शब्द मला इथेच वापरावासा वाटतो.

म्हणून 'आम्हाला मोजू नका' अशी भूमिका आपण घेऊ नये. न मोजले जाणे हाही अन्याय आहे. चेहऱ्याच्या ठेवणीवरून जन्मजात आजार ओळखण्याची जी पुस्तके डॉक्टर वापरतात, त्यांतली चित्रे दीर्घकाळ बहुतांशी युरोपीय वंशाच्या मुलांची होती. त्यामुळे आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या मुलाचा आजार ओळखायला उशीर होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय जनुक संशोधन संस्थेने २०१६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या मुलांच्या चित्रांचा संग्रह सुरू केला. ज्याचा चेहरा पुस्तकात नाही, त्याचा आजारही डॉक्टरांना दिसत नाही.

जातीचा रकाना नकोच, असेही मी म्हणत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांची उंची मोजली गेली. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले अनुसूचित जातींत सुमारे ४३ टक्के, अनुसूचित जमातींत ४४ टक्के आणि आरक्षणाबाहेरच्या समाजांत ३१ टक्के निघाली. हेही शरीराचेच माप आहे आणि त्यातही जातीचा रकाना आहे. पण इथे तो रकाना विचारतो की या मुलाच्या ताटात काय पडले, त्याच्या आईला गरोदरपणात काय मिळाले, घराजवळ पाणी कुठे आहे. रिस्लेचा रकाना विचारत होता की या मुलाचे रक्त कोणते. दोन्ही ठिकाणी अक्षरे तीच, प्रश्न वेगळा. पहिल्या रकान्याशिवाय अन्याय दिसत नाही, दुसऱ्यामुळे तो निसर्गाचा नियम वाटू लागतो.

तेव्हा माझ्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर असे. मोजणाऱ्याला चार प्रश्न विचारायचे. हे माप कशासाठी? जात विचारता ती कोणत्या कारणासाठी, आणि त्या कारणाला जात लागते की आहार, पाणी, काम यांची माहिती लागते? ज्या सरासरीशी माझी तुलना करणार ती कोणाची सरासरी? आणि माझा चेहरा, माझी चाल तुमच्याजवळ किती काळ राहणार, कोण पाहणार? हे विचारणे उद्धटपणा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉक्टरांच्या गुन्ह्यांनंतर १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट ठरवली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, नकार देणे आणि केव्हाही माघार घेणे हा सहभागी माणसाचा हक्क मानला आहे. आपल्या कॉलेजांतल्या शिक्षकांनी हे मुलांना सांगितले पाहिजे. मी ते आधी सांगितले नव्हते, ही माझी चूक.

पुढे त्या मुलीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून पथकाला एक पत्र लिहिले. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. महिनाभराने दोन ओळींचे उत्तर आले. जातीचा रकाना संशोधनात वापरला जाणार नाही. फॉर्म एका जुन्या फॉर्मवरून उतरवला होता, म्हणून तो राहून गेला. मला हे उत्तर खोटे वाटत नाही, आणि म्हणूनच ते गंभीर वाटते. कोणी दुष्टाव्याने काही केले नव्हते. जुना फॉर्म उतरवला गेला होता. रिस्ले जाऊन शंभरावर वर्षे झाली. त्याचा रकाना असाच फॉर्मवरून फॉर्मवर येत राहिला आहे.

ती मुलगी आता मला विचारते आहे की कला शाखेतून संख्याशास्त्राकडे वळता येते का. मी माहिती काढते आहे. फॉर्म जुन्यावरून उतरवायचा की नवा आखायचा, हे जिथे ठरते त्या टेबलापाशी आपल्या मुलामुलींनी बसलेच पाहिजे.